सिंहगड रस्त्यावरचं ओकायामा

संध्याकाळी सहाच्या सुमाराला सिंहगड रस्त्याने जायची वेळ आली, की पुणेकर आधी दुसरी वाट शोधतो. दांडेकर पुलापासून पुढे रिक्षा, दुचाक्या, पीएमपीच्या बस, सगळ्यांना एकाच वेळी घर गाठायचं असतं. आणि याच रस्त्याला लागून दहा एकर जपान आहे! तिकीट काढायचं, आत शिरायचं, दोन वळणं घ्यायची, की हॉर्न मागे पडायला लागतात आणि पाण्याचा आवाज पुढे येतो. नाव पु. ल. देशपांडे उद्यान. दुसरं नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान.

बहुतेक जण इथे येतात, हिरवळ बघतात, तळ्यातले मासे बघतात, फोटो काढतात आणि परत जातात. त्यात वाईट काहीच नाही. पण या बागेचं घराणं ठाऊक असेल, तर तीच फेरी दुप्पट रंगते. जपानी बागेतली शांतता आपोआप उगवलेली नसते. गवंडी, माळी आणि पाटकरी यांनी मिळून ती बांधलेली असते, दगड दगड जोखून. ती कशी बांधतात, हे एकदा कळलं की बागेत पाय आपोआप हळू पडतात.

थोरली बाग

पुण्याच्या बागेची प्रेरणा आहे जपानमधल्या ओकायामा शहरातली कोराकुएन बाग. इकेदा त्सुनामासा नावाच्या सरदाराने आपला कारभारी त्सुदा नागातादा याच्यावर तिचं काम सोपवलं. १६८७ मध्ये सुरुवात झाली, १७०० मध्ये बाग तयार झाली. आपल्याकडची तारीख लावायची तर काम सुरू झालं तेव्हा रायगडावर संभाजी महाराज होते आणि ते संपलं त्या वर्षी राजाराम महाराजांचं सिंहगडावर निधन झालं. सिंहगड रस्त्यावरच्या बागेचं मूळ आणि खुद्द सिंहगड यांची गाठ अशी एका सालात पडते!

हा त्सुदा नागातादा मोठा कर्तबगार माणूस. त्याने नुसत्या बागा केल्या नाहीत. सामान्य लोकांच्या मुलांसाठी १६७० मध्ये स्थापन झालेल्या शिझुतानी शाळेची उभारणीही त्याच्याकडेच होती. ती शाळा अजून उभी आहे. एकाच माणसाच्या हातून मालकासाठी बाग आणि रयतेसाठी शाळा, हे मला फार आवडतं.

कोराकुएनचा पसारा सुमारे एक लाख तेहतीस हजार चौरस मीटर, म्हणजे साधारण तेहतीस एकर. पुण्याच्या बागेच्या तिपटीहून जास्त. आसाही नदीच्या मधल्या भूभागावर ती वसली आहे आणि पलीकडच्या काठावर ओकायामाचा किल्ला. किल्ला काळाभोर, म्हणून लोक त्याला ‘कावळा किल्ला’ म्हणतात. जवळच्या हिमेजी शहरातला प्रसिद्ध किल्ला पांढराशुभ्र आहे, तो ‘बगळा किल्ला’. शेजारी शेजारी कावळा आणि बगळा, जपानी लोकांना नावं ठेवता येतात ती अशी!

बाग होती सरदाराची, पण ठरावीक दिवशी सामान्य रयतेलाही आत सोडत. १८७१ मध्ये तिला कोराकुएन हे नाव मिळालं आणि १८८४ मध्ये ती ओकायामा प्रांताच्या सरकारकडे येऊन सर्वांसाठी खुली झाली. कानाझावाची केनरोकुएन, मितोची काइराकुएन आणि ओकायामाची कोराकुएन या जपानच्या तीन थोर बागा मानल्या जातात. मितोच्या बागेत आलुबुखारच्या जातकुळीतली सुमारे तीन हजार झाडं आहेत. वसंताच्या आधीच, थंडीत, ती फुलतात. कानाझावात हिवाळ्यापूर्वी पाइन वृक्षांच्या माथ्याहून उंच खांब उभारून तिथून दोर सोडतात आणि एकेक फांदी बांधून घेतात, कारण तिथलं ओलं जड बर्फ फांद्या मोडतं. दुरून पाहिलं तर झाडांनी दोरांचे तंबू घातलेत असं वाटतं. झाड वाचवायला केलेली सोय इतकी देखणी, की ती बघायला लोक लांबून येतात.

दोनदा गेलेली, दोनदा आलेली

१९३४ मध्ये महापूर आला आणि कोराकुएनची दुर्दशा झाली. दुरुस्त केली. २९ जून १९४५ च्या पहाटे ओकायामावर बाँबहल्ला झाला. शहर जळालं, किल्ला जळाला, बागेतल्या बहुतेक इमारती गेल्या. पुणेकराला पूर म्हटलं की १९६१ चा पानशेत आठवतो. शहर पुन्हा उभं करणं म्हणजे काय, हे इथे वेगळं सांगायला नको.

पण बाग पुन्हा जशीच्या तशी कशी उभी करायची? इथे कामाला आली चित्रं. सरदारांच्या काळात बागेची तपशीलवार चित्रं आणि नोंदी करून ठेवल्या होत्या. कोणता दगड कुठे, कोणती वाट कुठून, हे त्यावरून ताडून बघता आलं. कुणा चित्रकाराने शे-दोनशे वर्षांपूर्वी कंटाळा न करता एकेक झाड काढून ठेवलं, म्हणून आज माणसं त्या झाडाखालून चालतात. १९५२ मध्ये जपान सरकारने या बागेला निसर्गसौंदर्याच्या स्थळांसाठीचा सर्वोच्च दर्जा दिला. किल्ला पुन्हा बांधून झाला तो १९६६ मध्ये.

बागेत शेत, शेतात दोन हजार वर्षांचं कमळ

कोराकुएनची सगळ्यात चवदार गोष्ट हीच. या शाही बागेत भातखाचर आहे! चहाचा मळाही आहे. पूर्वी तर बागेचा बराच मोठा भाग शेतीचाच होता. आज तिथे विस्तीर्ण हिरवळ दिसते. जपानी बागांत एवढी हिरवळ सहसा नसते, ती कोराकुएनची ओळख आहे. पुण्याच्या बागेत शिरल्यावर समोर पसरलेली हिरवळ हा त्याच घराण्याचा चेहरा आहे, असं मी मानतो.

भाताचं खाचर प्राचीन चीनमधल्या जमीन वाटणीच्या पद्धतीची आठवण म्हणून नऊ चौकोनांत आखलेलं आहे. जूनमध्ये तिथे लावणीचा उत्सव होतो, मे महिन्यात चहाची पानं खुडण्याचा. कोकणात आणि मावळात पावसाळ्यात चिखलात उतरणाऱ्या माणसांना हे वाचून मौज वाटेल. आपली लावणी आणि त्यांची लावणी जवळपास एकाच सुमाराला येते.

त्याच खाचराच्या शेजारी ओगा कमळ फुलतं. त्याची कथा ऐकाच. इचिरो ओगा हे वनस्पतिशास्त्रज्ञ मूळचे ओकायामाचे. १९५१ मध्ये टोकियोजवळच्या चिबा इथे, जमिनीखालच्या जुन्या थरात, त्यांच्या चमूला कमळाच्या बिया सापडल्या. वय सुमारे दोन हजार वर्षं. त्यातली एक रुजली आणि १९५२ च्या जुलैत तिला फूल आलं. म्हणजे सातवाहनांच्या काळातलं बी विसाव्या शतकात उमललं! त्याचे वंशज आता जपानभर आहेत आणि ओगांच्या गावच्या बागेत ते उन्हाळ्यात भल्या सकाळी फुलतात. दुपारी जाल तर पाकळ्या मिटलेल्या. कमळ बघायचं तर पहाटे उठावं लागतं, हा नियम सगळ्या देशांत सारखाच.

आणि हिरवळ? ती दर फेब्रुवारीच्या सुरुवातीला पेटवून देतात. खरोखरच पेटवतात! वाळलेलं गवत जाळलं की किडे आणि त्यांची अंडी जळतात आणि नवी पालवी जोमाने येते. काही दिवस सगळी बाग काळी ठिक्कर. आपल्याकडे भाताच्या रोपासाठी राब भाजतात, त्याच हेतूच्या जवळ जाणारी ही रीत, फक्त इथे प्रेक्षक जमतात.

क्रौंचांची फेरी

कोराकुएनमध्ये डोक्यावर लाल टिळा असलेले तांचो जातीचे क्रौंच सरदारांच्या काळापासून पाळले जात. महायुद्धानंतर एकही उरला नाही. मग १९५६ मध्ये चीनमधून दोन क्रौंच आले. पाठवणारे होते चिनी विद्वान आणि कवी ग्वो मोरुओ. तरुणपणी ते ओकायामात शिकले होते आणि या बागेत फिरले होते. दोन देशांतलं युद्ध संपून जेमतेम अकरा वर्षं झाली होती. अशा वेळी एका जुन्या विद्यार्थ्याने आपल्या शिक्षणाच्या गावाला पक्षी भेट दिले. दोन सरकारांना जे जड जात होतं ते दोन पक्ष्यांनी केलं. आज तिथे पुन्हा क्रौंचांचं कुटुंब आहे आणि एक जानेवारीला त्यांना पिंजऱ्याबाहेर बागेत सोडतात. नव्या वर्षाची सकाळ आणि हिरवळीवरून ऐटीत चालणारे पांढरे क्रौंच, हे बघायला ओकायामाकर थंडीत रांगा लावतात.

पाटाचं पाणी

जपानी बागेतला खरा सूत्रधार म्हणजे पाणी. कोराकुएनमध्ये र्‍यूतेन नावाची एक विसाव्याची जागा आहे. दोन मजली लाकडी इमारत, तळमजला चारी बाजूंनी मोकळा आणि मधोमध चक्क वाहता पाट! पाटात सहा सुंदर दगड बसवले आहेत. उन्हाळ्यात पाय पाण्यात सोडून बसायचं. बाँबहल्ल्यातून वाचलेल्या मोजक्या वास्तूंत ही एक आहे.

पुण्याच्या बागेतही पाण्याचीच करामत. शेजारून वाहणाऱ्या कालव्याचं पाणी बागेत घेऊन खेळवलं आहे. ते ओढ्यासारखं वाहतं, दगडांवरून उड्या मारतं, तळ्यात थांबतं. पुणेकरांचं आणि कालव्याचं नातं जुनं. खडकवासल्याहून निघालेलं पाणी शहराच्या पोटातून पुढे हडपसर, दौंडच्या बाजूला शेतांकडे जातं. रोज ज्याच्या काठाने आपण जातो ते पाणी इथे आल्यावर निराळ्याच चालीत वाहतं.

बागेतल्या पाण्याचा आवाज हा मोठ्या हुशारीचा भाग आहे. रस्त्यावरचा गोंगाट भिंत घालून पुरता अडत नाही. पण कानाजवळ सतत झुळझुळ असली की लांबचा आवाज तिच्यात विरघळतो. दगड वर-खाली बसवून पाण्याचा सूर बदलता येतो. उथळ जागी खळखळ, खोल जागी नुसता घोट घेतल्यासारखा आवाज. पुलावर उभं राहून डोळे मिटा आणि हॉर्न किती ऐकू येतात ते पाहा.

काही बागांत याहून नाजूक खेळ असतात. हात धुवायच्या दगडी कुंडाखाली एक मडकं जमिनीत उपडं पुरतात. त्याच्या बुडाला भोक. हात धुतले की थेंब भोकातून आत साचलेल्या पाण्यात पडतो आणि जमिनीखालून तार छेडल्यासारखा नाद येतो. बांबूची डोलणारी नळी तर तुम्ही चित्रपटांत पाहिली असेल. पाणी भरलं की नळी कलते, रिकामी होते आणि परत येताना दगडावर ‘टक्’ वाजते. मुळात ही शेतातली हरणं, रानडुकरं पळवायची युक्ती. आपल्या बुजगावण्याची जपानी चुलत बहीण, पुढे बागेत येऊन कलावंत झाली!

पायांखालची हिकमत

जपानी बागेत पायवाटेचे दगड एकमेकांपासून अंतर राखून, जरा वेडेवाकडे का बसवतात? वाट घाईत नीट बांधता आली नाही म्हणून नव्हे. दगड लहान आणि वाकडे असले की माणूस खाली बघून चालतो. मग मध्येच एक मोठा, सपाट दगड येतो. तिथे पाय स्थिर होतात, मान वर होते आणि समोर बागेतलं सगळ्यात सुंदर दृश्य असतं! बागवानाने तुमची मान कुठे वर करायची हे आधीच ठरवलेलं असतं.

वळणांचंही तसंच. एका जागी उभं राहून सगळी बाग दिसली, तर बाग संपली. म्हणून टेकाड, झुडूप, कमानदार पूल यांच्या आड थोडं झाकायचं, थोडं दाखवायचं. दहा एकर पस्तीस एकर वाटतात ते यामुळे. कोराकुएनमधली युइशिन नावाची टेकडी जेमतेम सहा मीटर उंच आहे. आपल्या मुलांना ती टेकडी म्हणून दाखवली तर हसतील. पण तिच्यावर चढलं की अख्खी बाग एकदम पायाखाली येते, कारण तोवर ती कुठूनही पूर्ण दिसू दिलेली नसते.

नागमोडी लाकडी पुलाबद्दल सांगतात, की भुतं सरळच चालतात म्हणून पूल वाकडा केला. गोष्ट छान आहे. मला त्यामागचं साधं कारण जास्त पटतं. वाकड्या पुलावर दर दोन पावलांनी दिशा बदलावी लागते आणि प्रत्येक वेळी तळ्याचा नवा कोपरा समोर येतो.

आणखी एक युक्ती म्हणजे शेजारच्याचा डोंगर आपला करून घेणं. जपानी बागवान त्याला शाक्केई म्हणतात. बागेबाहेरचा डोंगर, मंदिर, किल्ला असा नेमका चौकटीत घ्यायचा की तो बागेचाच वाटावा. कोराकुएनमध्ये मिसाओ डोंगर आणि काळा किल्ला असे उसने घेतले आहेत. पुण्याच्या बागेत फिरताना झाडांच्या माथ्यावरून पर्वतीच्या दिशेला नजर टाकत राहा. टेकड्यांच्या या शहराला उसनं घ्यायला डोंगरांची कमतरता नाही.

दगडांची तर वेगळी संहिताच आहे. अकराव्या शतकात लिहिलेला ‘साकुतेइकी’ हा बागकामावरचा जगातल्या सर्वांत जुन्या ग्रंथांपैकी एक. त्यात सांगितलंय, की दगड बसवताना आधी त्याचा कल ओळखावा. मुळात आडवा पडलेला दगड उभा केला, उभा असलेला आडवा केला, तर घरावर संकट येतं, असं बजावलं आहे. संकटाचं राहू द्या. पण जो दगड शेकडो वर्षं एका अंगावर पडून झिजलाय, त्याला उलटा केला की तो परका दिसतो, हे कुठल्याही शिल्पकाराला पटेल.

टोकियोतली सख्खी नावबहीण

नावातला घोळ टाळायचा असेल तर हे लक्षात ठेवा. कोराकुएन दोन आहेत. दुसरी टोकियोच्या ऐन मध्यात, कोइशिकावा कोराकुएन. तिचं काम १६२९ मध्ये सुरू झालं, म्हणजे ती थोरली. तिच्या झाडांच्या मागून टोकियो डोमचं पांढरं फुगीर छप्पर डोकावतं. त्या छपराखाली बेसबॉलचे सामने होतात, शेजारी रोलर कोस्टर आहे आणि त्यातल्या माणसांच्या किंकाळ्या वाऱ्याबरोबर तळ्यापर्यंत पोहोचतात. तरीही बगळा पाण्यात एका पायावर उभा असतो.

टोकियोचीच हामारिक्यू बाग याहून अजब. उंच काचेच्या इमारतींना चिकटून असलेल्या या बागेतलं तळं खाऱ्या पाण्याचं आहे. टोकियोच्या उपसागराला भरती आली की तळं भरतं, ओहोटी लागली की उतरतं. जलद्वारं उघड-मिट करून ते सांभाळतात. तळ्यात समुद्रातले मासे फिरतात. मुंबईकरांनी जरूर बघावी अशी ही जागा.

पुलंचं नाव का शोभतं

बागेला पुलंचं नाव आहे याचं अनेकांना नवल वाटतं. जपानी बाग आणि पु. ल.? पण पुलंचं ‘पूर्वरंग’ वाचलंय त्याला नवल वाटणार नाही. पूर्वेकडच्या देशांच्या त्या प्रवासवर्णनात जपान आहेच. माणसांत रमणाऱ्या लेखकाचं नाव माणसांनी भरलेल्या बागेला असणं मला फार योग्य वाटतं. मराठीने जपानकडून आणखीही घेतलंय. शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची परंपराही जुनी आहे. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकून कित्येक जण त्याच बळावर नोकरीला लागले.

जपानी बाग आणायची म्हणजे जपानची झाडं उचलून आणायची, असं मात्र नाही. ओकायामात बर्फ पडू शकतं, पुण्यात एप्रिलमध्ये चाळीस अंशांचं ऊन असतं आणि मग चार महिने पाऊस. झाडं इथली लागतात, रीत तिथली घ्यावी लागते. वाट, पाणी, दगड, मोकळी जागा यांचा हिशेब जुळला की बाग जपानी होते. हा हिशेब जपणारे माळी रोज सकाळी कात्री घेऊन वाकलेले असतात. गवत तुडवू नका, आत खाऊ नका, असं कुणी सांगितलं तर राग मानू नका. तीनशे वर्षं जुन्या बागाही याच काटेकोरपणावर टिकल्या.

जायचं तर सकाळी लवकर जा. ऊन तिरकं असतं, हिरवळीचे चढउतार सावल्यांमुळे उठून दिसतात. पावसाळ्यात उघडीप मिळाली की तर नक्कीच. मुलांना तळ्यातले रंगीत कोइ मासे दाखवा आणि सांगा, की एकोणिसाव्या शतकात निगाता भागातले शेतकरी खाण्यासाठी कार्प पाळत होते. त्यात काही मासे आपोआप रंगीत निघाले. शेतकऱ्यांनी ते शिजवले नाहीत, वेगळे ठेवले, त्यांची पैदास केली. १९१४ मध्ये टोकियोच्या प्रदर्शनात ते मांडले गेले आणि देशभर नाव झालं.

आणि कधी खुद्द ओकायामाला जायचा योग आला, तर ओसाकाहून शिनकान्सेन या बुलेट ट्रेनने पाऊण तासात पोहोचाल. स्टेशनाबाहेर ट्राम उभी असते. शिरोशिता थांब्यावर उतरून दहा मिनिटं चाललं की बाग. उन्हाळ्यात गेलात तर तिथले पांढरे पीच खा, सुगंधाने वेड लावतात. ओकायामा हे पीचमधून जन्मलेल्या मोमोतारोचं गाव मानतात. कुत्रा, माकड आणि रंगीत कोंबड्यासारखा फेझंट यांना साथीला घेऊन राक्षसांशी लढायला निघालेला हा पोरगा जपानच्या प्रत्येक मुलाला ठाऊक असतो. विमानतळालाही त्याचं नाव आहे! त्याने तिन्ही साथीदारांना आपल्याकडे वळवलं ते किबिदांगो देऊन. हे मऊ गोड गोळे स्टेशनावर डब्यात मिळतात. एक डबा घरी आणायला घ्या, एक गाडीत खायला.